पहिला मेकॅनिकल कीबोर्ड: दिवसा इनस्क्रिप्ट, रात्री गेम

चोपड्याहून एका मुलाने विचारलं आहे: पदवी झाली, लिपिक-टंकलेखक पदासाठी टायपिंगची तयारी चालू आहे. रोज दोन तास इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर मराठी, तासभर इंग्रजी. रात्री मित्रांसोबत व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम. आजवर कॉम्प्युटरबरोबर आलेला साधा कीबोर्ड वापरला, आता त्याची दोन बटणं अडकतात. तीन हजारांपर्यंत खर्च करता येईल. मेकॅनिकल घ्यायचा आहे, पण रेड, ब्लू, ब्राउन, मॅग्नेटिक या नावांनी गोंधळ उडाला आहे. घर दोन खोल्यांचं, आणि आजी त्याच खोलीत झोपते.

भाऊ, आधी उत्तर देतो, मग कारणं. वायरचा, ८७ बटणांचा, स्विच काढून बदलता येतात असा, रेड स्विचचा कीबोर्ड घे. ब्लू घेऊ नकोस, सिल्व्हर तर अजिबात नको. आणि जुना कीबोर्ड भंगारात देऊ नकोस. त्याची दोन बटणं साफ करून घे, परीक्षेच्या आधी तो तुला लागणार आहे.

मी वीस वर्षांपासून जळगावात टायपिंगचा क्लास चालवतो आणि त्याच खोलीत मागच्या टेबलावर दुरुस्ती करतो. म्हणजे पोरांची बोटं समोर दिसतात आणि त्यांचे खराब झालेले कीबोर्ड मागे उघडावे लागतात. खाली जे लिहिलंय ते या दोन टेबलांवरचं आहे.

साध्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराची छोटी वाटी असते. ती पूर्ण दबून खालच्या पातळ पडद्याला टेकली की अक्षर उमटतं. म्हणजे दर अक्षराला बोट तळापर्यंत न्यावंच लागतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग आणि धातूच्या पट्ट्यांचा स्वतःचा संपर्क असतो, यालाच स्विच म्हणतात. रेड स्विचचं बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षराची नोंद २ मिलिमीटरलाच होते. उरलेलं अर्धं अंतर बोटाला माघारी फिरायला मिळतं. टायपिंगच्या हिशेबात पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात. मिनिटाला ३० शब्दांनी दोन तास टाइप केलंस तर १८,००० ठोके झाले. त्या प्रत्येक ठोक्याला बोट तळावर आपटायचं की मधूनच उचलायचं, यावर संध्याकाळी मनगट दुखेल की नाही हे ठरतं. मेकॅनिकल घेण्याचं खरं कारण हे आहे. नुसता कीबोर्ड बदलून वेग वाढलेला मी एकाही मुलाचा पाहिला नाही. तास वाढले, चुका कमी झाल्या, मग वेग आला, असंच पाहिलं. आणि मधूनच बोट उचलायची सवय लागायलाही दोन-तीन आठवडे जातात. पहिल्या चार दिवसांत चुका वाढतील, घाबरू नकोस.

आता रंगांचं बोलू. हे रंग चेरी या जर्मन कंपनीचे. तिने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचे स्विच आणले. पेटंटची मुदत संपल्यावर चीनच्या गेटरॉन, आउटेमू वगैरे कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि रंगांची भाषा तीच ठेवली. रेड सरळ खाली जातो, मध्ये काही जाणवत नाही. ब्राउनमध्ये नोंदीच्या जरा आधी बोटाला छोटा उंचवटा लागतो. ब्लूमध्ये तो उंचवटा आणि वर टिक्क असा आवाज. आपल्याकडे बँकांत, डीटीपीवाल्यांकडे टीव्हीएस गोल्ड नावाचा जो दणकट कीबोर्ड वर्षानुवर्षं दिसायचा, त्यात हेच चेरीचे ब्लू असायचे. टाइपरायटरवर शिकलेल्या लोकांना तो फार आवडायचा, कारण त्यांच्या हाताला ठोक्याचा आवाज लागायचा. कोणाची स्वतंत्र खोली असेल आणि फक्त टायपिंगच करायचं असेल, तर आजही मी ब्लूला नाही म्हणणार नाही.

तुझ्या बाबतीत दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आजी. अमळनेरच्या एका विद्यार्थ्याने माझं न ऐकता ब्लू घेतला होता. तिसऱ्या रात्री त्याच्या आजीने अंथरुणातून विचारलं, "रातले काय खटखट करी ऱ्हायना रे?" आणि चौथ्या दिवशी तो कीबोर्ड घेऊन माझ्याकडे आला. रेडही अगदी गप्प नसतो, बटण तळाला आपटलं की ठक वाजतंच. पण कीबोर्डखाली घडी घातलेला जुना टॉवेल अंथरला की टेबलातून जाणारा आवाज बराच दबतो. दुसरी अडचण गेमची. ब्लूचं बटण ज्या उंचीवर नोंद करतं, त्याहून बरंच वर आल्याशिवाय पुन्हा तयार होत नाही. व्हॅलोरंटमध्ये डावीकडे पळताना थांबून गोळी मारायला बरेच जण ए सोडून डी टिचकीसारखा दाबतात. तिथे हा उशीर हाताला कळतो.

ब्राउनबद्दल माझं मत थोडं कडू आहे. चांगल्या ब्राउनचा उंचवटा गोड लागतो, पण तुझ्या पैशात जे ब्राउन येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा उंचवटा बोटाला रेतीसारखा लागतो. त्यापेक्षा सरळ रेड बरा.

आणि सिल्व्हर? त्याला स्पीड स्विचही म्हणतात. चेरीच्या सिल्व्हरमध्ये १.२ मिलिमीटरलाच नोंद होते. गेमवाले त्याची तारीफ करतात. पण इनस्क्रिप्टमध्ये डीच्या बटणावर हलन्त आहे आणि तुझं डावं मधलं बोट कायम तिथेच टेकलेलं असतं. नवशिक्याचं बोट जरा जड पडलं की नको तिथे अक्षराचा पाय मोडतो. परीक्षेत ती चूक धरली जाते.

इनस्क्रिप्टचं लिहितोच आहे तर एक शब्द बोटांवर मोजून दाखवतो, कारण इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी दिलेले सल्ले आपल्याला इथे पुरत नाहीत. 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द घे. सरकारी उताऱ्यात तो हमखास येतो. व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, हलन्त, य, काना. एकूण १७ ठोके. हलन्त चार वेळा, म्हणजे डावं मधलं बोट चार वेळा डीवर. य तीन वेळा, आणि य आहे उजव्या शिफ्टशेजारच्या तिरप्या रेघेच्या बटणावर. च आहे अर्धविरामावर. म्हणजे उजव्या करंगळीला चार ठोके. थसाठी डाव्या करंगळीने शिफ्ट धरायचा, ते वेगळंच. हाताचं सगळ्यात अशक्त बोट मराठीत भरपूर राबतं. म्हणून स्प्रिंग हलकी हवी. रेडला नोंदीपर्यंत साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो. ब्लॅक नावाचा स्विचही रेडसारखाच सरळ आहे, पण त्याला ६० च्या आसपास लागतो आणि आठवड्याभरात करंगळी बोलायला लागते.

हा फरक घरी बघता येतो. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. एका बटणाच्या शेजारच्या कॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, काढून टाक, नाहीतर नाणं त्यांच्यावर टेकतं. मग त्या बटणावर एकेक नाणं अलगद ठेवत जा. रेड असेल तर सहाव्या नाण्याच्या आसपास स्क्रीनवर अक्षर यायला हवं, ब्लॅक असेल तर आठव्या. रेड म्हणून घेतलेल्या स्विचला आठ नाणी लागली, तर तो नावाचाच रेड आहे. मी क्लासमध्ये नवीन कीबोर्ड आला की हे करून बघतो, पोरांनाही मजा येते.

आकाराचा मुद्दा याच करंगळीशी जोडलेला आहे. १०४ बटणांचा पूर्ण कीबोर्ड, नंबरपॅड काढलेला ८७ बटणांचा, त्याहून लहान ७५ टक्केवाला, ६५ टक्केवाला, आणि ६१ बटणांचा ६० टक्केवाला, असे आकार मिळतात. दिसायला ६५ आणि ७५ टक्केवाले सुंदर असतात, मान्य. पण त्यांच्यात बाणांची बटणं बसवायला उजवा शिफ्ट कापून लहान केलेला असतो आणि त्याला चिकटून वरचा बाण येतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला याचा फारसा त्रास होत नाही. आपल्याला होतो, कारण इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे सगळे सुटे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी उजवा शिफ्ट धरावा लागतो. ण पण तसाच. 'आणि' लिहायला गेलास, करंगळी जरा सरकली, वरचा बाण दबला, कर्सर वरच्या ओळीत गेला आणि अर्धा शब्द तिथे जाऊन पडला. हे माझ्याच क्लासमधल्या एका मुलीचं महिनाभर होत होतं. तिला वाटायचं कीबोर्ड खराब आहे. कीबोर्ड ठीक होता, शिफ्ट आखूड होता. ८७ बटणांच्या कीबोर्डवर उजवा शिफ्ट पूर्ण लांबीचा असतो आणि बाण दूर असतात. नंबरपॅड नसल्याने माऊसला गेमसाठी मोकळी जागाही मिळते. घरात कोणी टॅलीवर नोंदी करत असेल तरच पूर्ण १०४ चा विचार कर.

शिफ्ट, स्पेसबार, एंटर ही लांब बटणं. त्यांच्याखाली दोन्ही टोकांना तारेचा आधार असतो, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. स्वस्त कीबोर्डची परीक्षा तिथे होते. दुकानात गेलास की अक्षरांची बटणं नंतर दाब. आधी उजव्या शिफ्टच्या डाव्या टोकावर बोट ठेवून दाब, मग उजव्या टोकावर. दोन्हीकडून सारखा खाली गेला आणि पत्र्यासारखा खडखडला नाही, तर तो कीबोर्ड पुढे बघण्यासारखा आहे. रंगीत दिव्यांच्या दहा तऱ्हांपेक्षा ही एक गोष्ट मोलाची.

दुकानावरून आठवलं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये म्हण, धुळ्यात म्हण, जिथे शक्य असेल तिथे हाताने दाबून बघ, मग हवं तर ऑनलाइन माग. आणि खोक्यावर 'मेकॅनिकल फील' असं लिहिलं असेल तर तो मेकॅनिकल नव्हे. तो रबराचाच कीबोर्ड असतो, फक्त बटणं उंच आणि दिवे लावलेले. एका विक्रेत्याने माझ्या विद्यार्थ्याला असाच कीबोर्ड मेकॅनिकल म्हणून दिला होता आणि परत घ्यायला साफ नकार दिला. फसायचं नसेल तर दुकानदाराला एक कॅप उपसून दाखवायला सांग. खाली अधिक चिन्हासारखा रंगीत दांडा दिसला आणि भोवती चौकोनी डबी असली की तो खरा. नुसती प्लास्टिकची नळी दिसली तर नमस्कार करून निघ.

आता आपल्या भागाची गोष्ट. चेरी आपल्या एमएक्स रेडसाठी प्रत्येक स्विचमागे १० कोटी दाबांचा आकडा देते. माझ्या टेबलावर मात्र झिजलेला स्विच क्वचितच येतो, येतात ते धुळीने बिघडलेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर दिवसभर चालू, आणि कूलर म्हणजे बाहेरची धूळ आणि पाण्याचा दमटपणा एकत्र करून खोलीत सोडणारं यंत्र. कीबोर्ड त्याच्या झोतात असेल तर ते सगळं स्विचच्या पट्ट्यांवर बसतं. मग एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटायला लागतं. मराठीत हे लगेच दिसतं: काना दोनदा पडला की दुसऱ्या कान्याजवळ ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उभं राहतं. जिनिंगजवळच्या घरांत तर कापसाचा बारीक रेशा बटणांखाली गादीसारखा साठलेला मी पाहिला आहे. टेबल कूलरच्या तोंडासमोरून बाजूला घे आणि रात्री उठताना कीबोर्डवर कापड टाक. एवढ्यावर कीबोर्डचं आयुष्य बरंच वाढतं.

आणि म्हणूनच हॉट-स्वॅप हवा. साध्या मेकॅनिकलमध्ये स्विच खाली डाखलेला असतो. एक बिघडला तर डाख काढा, नवीन लावा, म्हणजे माझ्यासारख्याकडे यावं लागतं. हॉट-स्वॅपमध्ये चिमट्याने स्विच उपसायचा आणि नवा दाबून बसवायचा. बसवताना त्याच्या दोन्ही पिना आधी डोळ्यांनी बघ. धातूच्या पातळ पत्र्याच्या असतात, जरा वाकल्या असल्या तर नखाने सरळ कर, मग सरळ खाली दाब. तिरका दाबला की पिन दुमडते आणि बटण मुकं होतं. दहातले आठ जण 'नवीन स्विच चालत नाही' म्हणून येतात ते याच कारणाने. घेताना एवढं विचार की सॉकेटमध्ये कुठल्याही कंपनीचे स्विच बसतात का. काही स्वस्त कीबोर्डांचे सॉकेट फक्त आउटेमूच्या बारीक पिनांनाच घेतात. आणखी एक फायदा असा, की रेड आवडला नाही तर पूर्ण कीबोर्ड न बदलता पुढच्या वर्षी फक्त स्विच बदलता येतील.

कॅप पीबीटी प्लास्टिकच्या मिळाल्या तर उत्तम. एबीएसच्या कॅप आपल्या उन्हाळ्यातल्या घामाच्या बोटांनी काही महिन्यांत तुपकट चमकायला लागतात आणि बोट घसरतं. पीबीटी खरखरीत राहतं. मराठी अक्षरांचे स्टिकर लावू नकोस. एकतर ते कडांनी उलतात, आणि दुसरं म्हणजे नजर खाली जाण्याची सवय सुटत नाही. इनस्क्रिप्टचा तक्ता छापून मॉनिटरच्या वर भिंतीला लाव.

मॅग्नेटिकचं तू विचारलंस. त्याला हॉल इफेक्टही म्हणतात. त्यात पट्ट्यांचा संपर्कच नसतो. दांड्यात चुंबक असतो आणि तो किती खाली आला हे खालचा सेन्सर मोजतो. त्यामुळे नोंद किती अंतरावर व्हावी हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं, आणि बोट जरा वर उचललं की बटण लगेच पुन्हा तयार होतं. याला रॅपिड ट्रिगर म्हणतात. गेममध्ये याचा खरा फायदा आहे, मी नाकारत नाही. पण अशा कीबोर्डांत येणारी एक पुढची सोय, दोन विरुद्ध बटणांपैकी शेवटचं आपोआप चालवणारी, काउंटर-स्ट्राइक २ या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर ऑगस्ट २०२४ पासून चालत नाही, तो गेम काढणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने ती बंद केली. तेव्हा जाहिरातीतल्या प्रत्येक सोयीसाठी पैसे मोजण्याआधी आपल्या गेममध्ये ती चालते का ते बघ. तुझ्या तीन हजारांत मॅग्नेटिक घेतलास तर स्टॅबिलायझर, कॅप, शिफ्ट या सगळ्यात तडजोड होईल, आणि ते भोगावं लागेल दिवसाच्या तीन तासांना. पहिला कीबोर्ड म्हणून मी तो सुचवणार नाही. खोक्यावर १००० हर्ट्झ लिहिलेलं असलं की पुरे, म्हणजे दर मिलिसेकंदाला कॉम्प्युटरशी बोलणं होतं. पैसे उरले तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर ओढ, गेममध्ये त्याचा फरक जास्त कळेल.

एक छोटी गोष्ट, जी फक्त आपल्यासारख्या दोन भाषांत काम करणाऱ्यांना छळते. विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. गेमच्या धांदलीत ते नकळत दाबलं जातं. मग चॅटमध्ये जी दोनदा दाबून खेळ छान झाला असं सांगायला जातोस आणि स्क्रीनवर दोन उकार येतात. सेटिंगमध्ये भाषा बदलण्याचे शॉर्टकट आहेत, तिथे जाऊन ही जोडी बंद कर. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार ही जोडी शिल्लक राहते, तेवढी पुरते.

मेकॅनिकल कीबोर्ड साध्यापेक्षा उंच असतो. मागचे पाय उघडले की मनगट वरच्या बाजूला मोडतं आणि महिन्याभरात पोटरीत येतो तसा गोळा हातात येतो. पाय मिटलेलेच ठेव. मनगटासाठी कीबोर्डसमोर नॅपकिनची चांगली घट्ट गुंडाळी ठेव, पण ती थांबताना टेकायला. टाइप करताना मनगट हवेत हवं, टाइपरायटरवर आमच्या गुरुजींनी हेच शिकवलं होतं आणि ते आजही बरोबर आहे.

शेवटचं, आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. परीक्षा केंद्रावर मेकॅनिकल कीबोर्ड मिळणार नाही. तिथे साधा, रबराचा, शेकडो हातांनी वापरलेला कीबोर्ड समोर असेल. सहा महिने रेडवर बोट मधूनच उचलायची सवय लागली आणि त्या दिवशी रबरावर बसलास, तर बटण तळापर्यंत जाणार नाही आणि अक्षरं गळतील. माझे दोन चांगले विद्यार्थी असेच मागे पडले, घरी ३५ च्या वर जाणारी मुलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: परीक्षेच्या आधीचे वीस दिवस रोजचा निम्मा वेळ जुन्या कीबोर्डवर द्यायचा. आधी जुना, मग मेकॅनिकल, उलटं नाही, म्हणजे ताज्या बोटांना जड बटणाची ओळख राहते. आणि त्या दिवशी खुर्चीवर बसलास की मिळेल तेवढ्या वेळात पाच बटणं दाबून बघ: दोन्ही शिफ्ट, डी, तिरपी रेघ आणि स्पेसबार. त्यातलं एकही अडकत असेल तर लगेच हात वर करून कीबोर्ड बदलून माग.